खिशातला कॅमेरा की गळ्यातला : सोनी आरएक्स१०० मार्क ७ आणि कॅनन १५००डी

कॅमेरा घ्यायचे ठरले की कॉम्पॅक्ट (छोटा, न निघणाऱ्या लेन्सचा) घ्यावा की डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा), हा प्रश्न आजही पूर्वीसारखाच विचारला जातो. त्यामागची परिस्थिती मात्र पार बदलली आहे. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या नोंदींनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यांतले बहुसंख्य साधे, खिशात मावणारे होते. २०२० साली हाच आकडा ९० लाखांच्या खाली आला होता. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचे काम मोबाइलने स्वतःकडे घेतले. आज जे चांगले कॉम्पॅक्ट टिकून आहेत ते मोबाइलपेक्षा निश्चितपणे सरस आहेत, पण स्वस्त मुळीच नाहीत. त्यामुळे 'पैसे कमी असतील तर कॉम्पॅक्ट, जास्त असतील तर डीएसएलआर' हा जुना हिशेब आता चालत नाही. किंबहुना बरेचदा तो उलटाच लागतो.

ज्या दोन कॅमेऱ्यांवरून मी हे लिहितो आहे ते दोन्ही आमच्या घरात नियमित वापरात आहेत. पहिला सोनीचा आरएक्स१०० मार्क ७, हा २०१९ साली आला. दुसरा कॅननचा ईओएस १५००डी, हा २०१८ चा, आणि आपल्याकडे 'पहिला डीएसएलआर' म्हणून सर्रास घेतला जाणारा. नव्या कोऱ्या मालाची तुलना केली तर खिशातल्या सोनीला कॅननच्या दुपटीच्या आसपास पैसे मोजावे लागतात. सोनीचे वजन बॅटरी आणि कार्डासह ३०२ ग्रॅम आहे. कॅननची नुसती बॉडी ४७५ ग्रॅम भरते आणि सोबतची १८-५५ लेन्स लावली की आणखी सुमारे २०० ग्रॅम वाढतात. सोनी पँटच्या खिशात जातो, थंडीच्या जाकिटात तर सहजच. कॅननला पिशवी लागते, आणि पिशवी लागणे ही बाब दिसते तितकी किरकोळ नाही.

आता मुख्य मुद्दा. डीएसएलआरचे फोटो चांगले येतात, असे जे सरसकट म्हटले जाते त्यामागे सेन्सरच्या आकाराचे कारण सांगितले जाते, आणि ते कारण खरे आहे. सोनीचा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, कॅननचा २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात कॅननचा सेन्सर जवळपास २.९ पट मोठा आहे. तेवढ्याच प्रकाशतीव्रतेला मोठा सेन्सर एकूण अधिक प्रकाश गोळा करतो आणि फोटोतले दाणे कमी होतात. परंतु सेन्सरपर्यंत प्रकाश पोहोचवते ती लेन्स, आणि इथे दुकानातल्या तुलनेत एक गोष्ट नेहमी निसटते. कॅननसोबत मिळणारी १८-५५ लेन्स, म्हणजे किट लेन्स, सर्वांत रुंद टोकाला एफ ३.५ आणि लांब टोकाला एफ ५.६ एवढीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). सोनीची न निघणारी लेन्स रुंद टोकाला एफ २.८ पर्यंत उघडते. मोठ्या सेन्सरने मिळवून दिलेल्या दीड स्टॉपपैकी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) साधारण दोन तृतीयांश स्टॉप या लेन्सने तिथेच परत जातो. झूम पुढे नेला तरी फरक काही फार वाढत नाही. कॅननची लेन्स ५५ वर एफ ५.६ ला येते तेव्हा तेवढ्याच दृश्यकोनाला सोनी एफ ४ च्या आसपास असतो. याचा अर्थ असा की किट लेन्स लावलेला डीएसएलआर चांगल्या कॉम्पॅक्टपेक्षा जेमतेम एका स्टॉपने, काही वेळा त्याहूनही कमी फरकाने, पुढे असतो. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवून शंभर टक्के आकारात पाहिल्याशिवाय हा फरक सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही.

म्हणूनच माझे मत असे आहे की डीएसएलआर घ्यावा की नाही हे बॉडीवरून ठरवूच नये. दुसरी लेन्स घेणार आहात की नाही यावरून ठरवावे. जी मंडळी किट लेन्स लावून कॅमेरा घरी आणतात आणि ती लेन्स पुढे कधीही काढत नाहीत, त्यांनी मोठ्या कॅमेऱ्याचे ओझे घेतलेले असते आणि त्याचा लाभ मात्र दुकानातच ठेवलेला असतो.

दुसरी लेन्स म्हणजे नेमके काय, हे एका प्रसंगावरून सांगतो. गणपतीत संध्याकाळच्या आरतीला घरातले दिवे मालवून केवळ समया आणि निरांजन यांच्या उजेडात फोटो काढायचा असतो. ताम्हन हातात घेतलेली लहान मुलगी, ज्योतीचा पिवळा उजेड तिच्या गालावर, आणि मागे मखरातली मूर्ती, असे दृश्य असते. मुलगी स्थिर राहत नाही, मागे वळून आजीकडे पाहते. अशा वेळी शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास तरी हवा, नाहीतर चेहरा हलतो. सोनी त्या अंतरावरून चेहऱ्याएवढी चौकट घेताना एफ ४ वर असतो, त्यामुळे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० किंवा त्याही वर न्यावा लागतो, आणि तो वाढवला की दाणे वाढतात. फोटो येतो, पण सावलीतल्या केसांची एकसंध काळी चकती होते आणि गालावरचा मऊ उजेड डागाळतो. कॅननवर ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली की तेवढ्याच वेगाला आयएसओ ६४० च्या आसपास भागते, कारण एफ १.८ ही लेन्स एफ ४ च्या जवळपास पाचपट प्रकाश आत घेते, आणि वर सेन्सरही मोठा आहे. केसांच्या बटा सुट्या दिसतात. मखराची रोषणाई मागे विरघळून गोल ठिपक्यांसारखी होते आणि नजर मुलीवरच राहते. ही लेन्स अवघी १६० ग्रॅमची आहे आणि कॅननच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. आरतीचा तो उजेड कॅमेऱ्यात जसाच्या तसा उतरलेला पाहणे हा फार मोठा आनंद आहे, आणि तो देण्याची ताकद या छोट्याशा लेन्समध्ये आहे, बॉडीवर छापलेल्या २४ मेगापिक्सेलमध्ये नाही.

मात्र यातली कळीची गोष्ट ही की मुलगी हलते. विषय स्थिर असेल तर चित्र पालटते. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांवर फ्लॅश मारण्यास सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. आत उजेड अंधुक असतो. पण भिंत हलत नाही. सोनीतले कंपनरोधन चांगले आहे, हात थोडे टेकवून उभे राहिले तर बऱ्यापैकी मंद शटरलाही फोटो स्वच्छ येतो, आयएसओ फार वाढवावा लागत नाही, आणि शिवाय ३५ मिमी फिल्मच्या मापाने त्याचा झूम २४ मिलिमीटरपासून सुरू होतो (आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद). कॅननची किट लेन्स त्याच मापाने २९ च्या आसपास सुरू होते. हे पाच मिलिमीटर कागदावर नगण्य वाटतात. लेण्याच्या आतल्या दालनात, वाड्याच्या चौकात किंवा छोट्या देवळाच्या सभामंडपात पाठ भिंतीला लागलेली असताना ते फार मोलाचे ठरतात.

लांबच्या विषयांचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि नावेतून ते पाहता येतात. कॅमेऱ्याच्या पारखीला याहून चांगली जागा आपल्याकडे क्वचितच मिळेल. सोनीचा झूम २०० मिलिमीटरला थांबतो. कॅननवर ५५-२५० ही लेन्स लावली की तिचा पल्ला त्याच मापाने ४०० मिलिमीटर होतो. सोनीचा फोटो कापून तेवढाच पक्षी मोठा करायचा म्हटले तर २० मेगापिक्सेलपैकी जेमतेम ५ उरतात, आणि छोट्या सेन्सरचे ५ मेगापिक्सेल फार ताण सहन करत नाहीत. पाण्यात उभ्या असलेल्या रोहिताच्या चोचीचे वळण आणि डोळ्याचा पिवळा ठिपका कॅननच्या फोटोत स्पष्ट येतो, सोनीच्या फोटोत तो अंदाजाने ओळखावा लागतो. पण थवा उडाला की उलटे घडते. १५००डीला फोकसचे केवळ ९ बिंदू आहेत आणि सेकंदाला ३ फोटो निघतात. सोनीला ३५७ बिंदू आहेत, पाठलाग करत फोकस बदलत तो सेकंदाला २० फोटो काढतो. थव्याचा फोटो सोनीवर अधिक खात्रीने मिळतो, एकट्या पक्ष्याचा कॅननवर. पक्षीनिरीक्षण हाच मुख्य छंद असेल तर याच्याही पुढची लेन्स लागते आणि तिथे कॉम्पॅक्टचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

असे असूनही आमच्या घरातून बाहेर पडताना अधिक वेळा जातो तो सोनी. आषाढी वारीच्या वाटेवर पावसाची सर येते, पुढे-मागे माणसे असतात, हातात काठी आणि खांद्यावर सामान असते. अशा वेळी खिशातून निघून पुन्हा रेनकोटच्या आत जाणारा कॅमेराच वापरला जातो. दोघांपैकी एकही कॅमेरा पावसापासून संरक्षित नाही हे लक्षात ठेवावे, त्यामुळे झाकणे सोपे असणे यालाच महत्त्व. माणसांच्या वागण्यातही फरक पडतो. मोठी लेन्स रोखली की समोरचा माणूस पदर सावरतो, टोपी नीट करतो, उभा राहतो. छोट्या कॅमेऱ्याकडे तो फारसे लक्ष देत नाही आणि अभंग म्हणत पुढे चालत राहतो. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत तर डीएसएलआर काढूच नये असे मला वाटते. विलंबित ख्यालातल्या समेच्या आधीच्या शांततेत आरसा उचलल्याचा तो 'खटॅक' आवाज गायकाला, श्रोत्यांना आणि खुद्द फोटो काढणाऱ्यालाही बोचतो. सोनीचे शटर पूर्ण निःशब्द करता येते. फक्त काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात, तेव्हा यांत्रिक शटरवर यावे, तेही हळुवार आहे.

हातात धरण्याच्या बाबतीत मात्र कॅनन पुढे आहे. त्याची पकड खोल आहे, बोटे आपोआप जागेवर बसतात, आणि डोळ्याला लावलेल्या दर्शिकेतून दिसते ते खरे दृश्य असते, पडदा नव्हे. भर दुपारी रायगडाच्या माथ्यावर, जिथे पाठीमागचा पडदा उन्हात जवळजवळ काळा दिसतो, तिथे ही दर्शिका स्वच्छ दिसते. ती चौकटीचा ९५ टक्के भागच दाखवते, त्यामुळे कडेला नको असलेली फांदी फोटोत येऊ शकते, पण याची सवय होते. सोनीतही छोटी इलेक्ट्रॉनिक दर्शिका वर उचलली जाते. ती आहे हेच विशेष, कारण एवढ्याशा कॅमेऱ्यात ती बसवणे सोपे नाही. तरीही तासन्‌तास डोळा लावून काम करण्यासारखी ती नाही. सोनीचा मेनू तर इतका पसरलेला आहे की हवी ती सोय एकदा सापडली की तिला लगेच एखाद्या बटणावर नेमून टाकावे, पुन्हा शोधण्याच्या भरीस पडू नये. छायाचित्रण शिकण्याची ज्यांना मनापासून ओढ आहे, अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडते ते), शटर आणि आयएसओ यांचे नाते ज्यांना हाताने फिरवून समजून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी १५००डी हा उत्तम गुरू आहे. त्यावर चूक कुठे झाली हे चटकन कळते, कारण कॅमेरा आपल्या वतीने फारसे काही ठरवत नाही.

व्हिडिओचा निर्णय लवकर होतो. १५००डी फुल एचडीपर्यंतच जातो, त्याला बाहेरचा माइक जोडण्याची सोय नाही, आणि पडद्यावर पाहून फोकस करताना तो बराच वेळ चाचपडतो. सोनी ४के घेतो, माइक लागतो, पडदा वर वळवून स्वतःला पाहता येते आणि चेहऱ्यावरचा फोकस सुटत नाही. पाककृती, प्रवास किंवा शिकवणीचे व्हिडिओ करायचे असतील तर इथे डीएसएलआरचा विचार करू नये.

बाहेरचा फ्लॅश वापरायचा असेल तर मात्र सोनी बाद होतो, कारण त्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवण्याचा सांधाच नाही. मुंज, बारसे, साखरपुडा अशा घरगुती कार्यात छतावर उजेड मारून तो खाली उतरवला की चेहरे फार सुंदर येतात, आणि ते कॅननवर जमते. खरेदीपूर्वी एवढे तपासावे की १५००डीच्या सांध्यात मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे, हाताने चालवायचे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. कॅननशी सुसंगत असलेलाच घ्यावा लागतो.

आपल्या हवेत कॅमेऱ्याचे आयुष्य कसे जाते, हा विषय चार महिन्यांच्या पावसामुळे आपल्याला टाळता येत नाही. बंद कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते; कोकणात आणि मुंबईत तर फारच लवकर. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला, काटा ४० ते ५० च्या दरम्यान राखला, तर ही चिंता मिटते. डीएसएलआरची लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते, पण ती साफ करता येते. कॉम्पॅक्ट बंद असतो म्हणून त्यात धूळ जात नाही, हा समज मात्र खरा नाही: लेन्स पुढे-मागे होताना ती हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर बारीक धूळही जाते, आणि एकदा सेन्सरवर डाग आला की कॅमेरा उघडल्याशिवाय तो निघत नाही. तारकर्ली किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर वाऱ्याने उडालेला वाळूचा एक कण त्या नळीत अडकला तर लेन्स अर्धवट उघडी राहते आणि दुरुस्ती म्हणजे बहुधा संपूर्ण लेन्सचा संच बदलणे असते. डीएसएलआरमध्ये बिघडलेली लेन्स काढून दुसरी लावता येते. बॅटरीतही कॅनन पुढे आहे. कंपन्यांच्या प्रमाणित मापाने त्याची बॅटरी ५०० फोटो चालते, सोनीची २६०. याची थोडी भरपाई अशी की सोनी पॉवर बँकेवरून चार्ज होतो, आणि गडावर मुक्काम असेल तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते.

डीएसएलआरची वंशवेल थांबत आल्याची शंका अनेकांना असते. ती निराधार नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० सालचे आहेत आणि त्यानंतर त्यांचे सगळे लक्ष मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या पण लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांकडे आहे. पण पहिला कॅमेरा घेणाऱ्याने यामुळे घाबरण्याचे कारण नाही. कॅननची ईएफ लेन्सची जोडणी १९८७ पासूनची आहे, इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात हिंडत आहेत, अनेक हौशी लोक मिररलेसकडे वळल्यामुळे त्या रास्त दरात मिळतात, आणि पुढे मिररलेस घेतलाच तर अ‍ॅडॉप्टरने त्यावरही चालतात. लेन्सवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही. कॉम्पॅक्टमध्ये असे काही पुढे नेता येत नाही. जे घेतले ते तेवढेच.

पैशांची मर्यादा असेल तर दोन्ही बाजूंना वापरलेल्या मालाचा मार्ग मी निःसंकोचपणे सुचवीन. खिशातलाच कॅमेरा हवा असेल तर २०१४ चा आरएक्स१०० मार्क ३ पाहावा. त्याचा झूम २४ ते ७० एवढाच आहे, पण लेन्स एफ १.८ ते २.८ इतकी उघडते, म्हणजे घरातल्या उजेडात तो मार्क ७ पेक्षा सरस आणि किट लेन्स लावलेल्या डीएसएलआरच्या तोडीस तोड ठरतो. घेताना कॅमेरा पुष्कळ वेळा सुरू-बंद करून लेन्सच्या हालचालीचा आवाज ऐकावा, कुठे अडखळली तर सरळ परत द्यावा. नंतर अ‍ॅपर्चर सर्वांत लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा, म्हणजे सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. डीएसएलआर घ्यायचा असेल तर किट लेन्सचा दुहेरी संच घेण्याऐवजी साधी बॉडी आणि ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्यावी, आणि १८-५५ स्वस्तात मिळाली तरच सोबत घ्यावी. जुनी लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरकी धरून आरपार पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी समजावी आणि ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण ती बुरशी घरातल्या बाकीच्या लेन्सवरही पसरू शकते.